सीमॉय हेडफोन ॲम्प : आतले भाग बदलायचे तर आधी काय, नंतर काय

झाल_आणि_राळ

सीमॉय तयार झाला, वाजला, की आठ-पंधरा दिवसांत प्रश्न ठरलेला असतो : "आता कुठली ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी आयसी) टाकू?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. चू मोय यांचं हे सर्किट इतकं साधं आहे की त्यातल्या प्रत्येक भागाचा हिशोब कागदावर करता येतो. तो न करता दोन हजारांची आयसी सॉकेटमध्ये बसवली तर फरक पडत नाही, आणि पडलाच तर बहुतेक वेळा वाईट पडतो.

आधी भागांच्या मूळ किमती (रुपये नव्हे, ओम-फॅरडची मूल्यं) समोर ठेवू, म्हणजे पुढची चर्चा नेमकी होईल. ९ व्होल्टची एक बॅटरी. तिचं व्होल्टेज मधोमध तोडायला ४.७ के (किलोओम) चे दोन रेझिस्टर, म्हणजे विभाजक, त्यांना समांतर २२० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक. त्यांचा मधला बिंदू म्हणजे व्हर्च्युअल ग्राउंड. प्रत्येक चॅनलला इनपुटवर ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर, तिथून ग्राउंडला १०० के (आर२). फीडबॅकमध्ये आर३ = १ के, आर४ = १० के, म्हणजे गेन ११ (सिग्नल अकरा पट). इनपुटच्या आधी आवाजासाठी १० के चा दुहेरी पॉट. आयसी बहुधा ओपीए२१३४.

सोल्डरिंगची इस्त्री तापवण्याआधी तीन मापं वहीत लिहा.

१. बॅटरीची एक तार सोडवून त्या जागी मधोमध मीटर लावा, सिग्नल आणि हेडफोन न लावता करंट बघा. ओपीए२१३४ ला दोन्ही चॅनल मिळून ८ मि.ॲ., विभाजकाला १, एलईडीला १० के असेल तर ०.७. एकूण दहाच्या आसपास यायला हवा.

२. हेडफोन जॅकच्या स्लीव्हपासून (दोन्ही कानांची सामाईक परतीची तार) बॅटरीच्या अधिकपर्यंत आणि उणेपर्यंत व्होल्टेज. दोन्ही जवळपास सारखे हवेत.

३. स्लीव्ह आणि टिप (डावा कान), स्लीव्ह आणि रिंग (उजवा कान) यांमधला डीसी, मीटर २०० मिलिव्होल्टवर. २० च्या आत हवा, चांगल्या फेट इनपुट (इनपुटला जवळजवळ करंट न घेणाऱ्या) आयसीला दोन-चारच येतो. काळा प्रोब बॅटरीच्या उणेवर ठेवू नका. तिथे साडेचार व्होल्ट दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो.

ही तीन मापं प्रत्येक बदलानंतर पुन्हा घ्यायची. एका वेळी एकच बदल.

क्रम असा : गेन, मग सप्लायचे कॅपॅसिटर, मग इनपुट कॅपॅसिटर, मग पॉट, आणि शेवटी आयसी.

गेन आधी का? फोन किंवा छोटा डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग सिग्नल करणारं उपकरण) ०.५ ते २ व्होल्ट देतो. ±४.५ व्होल्टच्या रेलवर (सप्लायवर) ओपीए२१३४ जेमतेम ३ ते साडेतीन व्होल्ट पीक जाऊ शकते. गेन ११ असेल तर १ व्होल्टच्या स्रोताला ती पॉट पूर्ण उघडण्याच्या बऱ्याच आधी क्लिप होते, म्हणजे लहरींची टोकं कापली जातात. तुम्ही पॉट घड्याळाच्या आठ-नऊच्या काट्यावर, म्हणजे जेमतेम उघडून वापरता, तिथेच स्वस्त पॉटचे दोन ट्रॅक एकमेकांशी सगळ्यात कमी जुळतात, आणि ऑप-ॲम्पचा स्वतःचा नॉइज अकरा पटीने कानात जातो. आर३ ला १ के ऐवजी ४.७ के लावा, गेन ३.१ होतो. ३.३ के लावलात तर ४. मेटल फिल्म, १ टक्का, पाव वॉट. चार-पाच रुपयांत सर्वांत मोठी सुधारणा हीच.

इनपुटचा ०.१ आणि १०० के मिळून १६ हर्ट्झला ३ डीबी खाली येतात, म्हणजे २० हर्ट्झला सुमारे २ डीबी तूट. ०.४७ लावला तर ही तूट ०.१ डीबीवर येते. ६३ व्होल्टचा छोटा पॉलिएस्टर बॉक्स पुरतो, पाय ५ मिमी अंतराचे घ्या म्हणजे जुन्या भोकांत बसतो.

---

नादमय

उत्तम धागा. पण हेडफोन किती ओमचा, हे विचारल्याशिवाय आयसीबद्दल बोलताच येत नाही, ते वर यायला हवं होतं.

ओपीए२१३४ ची ताकद ३५ मि.ॲ. च्या आसपास. ३२ ओमच्या हेडफोनला ती १.१ व्होल्ट पीकवरच संपते, म्हणजे साधारण २० मिलिवॉट. तुमची बॅटरी ९ ची असो की १८ ची, ३२ ओमला काहीच जास्त मिळत नाही, कारण अडतोय करंट. उलट ३०० ओमच्या हेडफोनला ३ व्होल्ट पीकला फक्त १० मि.ॲ. लागतात. तिथे अडतंय व्होल्टेज. तिथे दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावणं हाच खरा अपग्रेड, आयसी तशीच राहू द्या.

म्हणून १६ ते ५० ओमवाल्यांनी जास्त करंटची आयसी बघावी. एनजेएम४५५६ए दर चॅनल ७० मि.ॲ. देते आणि आठ पायांच्या डिपमध्ये, म्हणजे सॉकेटमध्ये थेट बसणाऱ्या रूपात, मिळते. ओपीए१६५६ सुमारे १०० देते, पण ती डिपमध्ये येत नाही, अडॅप्टर पट्टीवर झाळून (सोल्डर करून) घ्यावी लागते. १५० ओमच्या पुढच्यांनी रेल वाढवावी.

---

व्हेरोबोर्ड

दोन बॅटऱ्या लावणाऱ्यांनी कॅपॅसिटरवर छापलेला आकडा वाचा. १८ व्होल्टला प्रत्येक इलेक्ट्रोलिटिकवर ९ येतात. जुन्या बोर्डावर १० व्होल्टचे असतील तर ते आधी काढा, १६ किंवा २५ चे लावा. चार्जेबल "९ व्होल्ट" निकेल बॅटऱ्या खऱ्या ७.२ किंवा ८.४ च्या असतात, तेही हिशोबात धरा.

---

खर्जप्रेमी

सप्लायचे कॅपॅसिटर मोठे केले की बास वाढतो हे बरोबर ना? २२० चे दोन म्हणजे ग्राउंडसाठी ४४० मायक्रोफॅरड, २० हर्ट्झला त्याचा अडथळा १८ ओम. ३२ ओमच्या हेडफोनसोबत तो सिरीजमध्ये आला तर बास खाणारच. शिवाय दोन्ही चॅनलचा करंट त्याच वाटेने, म्हणजे क्रॉसटॉकही (एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात) आला.

---

झाल_आणि_राळ

हा समज फार पसरला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. १८ ओमचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे.

सीमॉयमध्ये इनपुटचा ग्राउंड, आर२ चा ग्राउंड, आर३ चा ग्राउंड आणि हेडफोनची परतीची तार, हे सगळं एकाच बिंदूला जोडलेलं आहे. ऑप-ॲम्प आपलं आउटपुट त्याच बिंदूच्या तुलनेत धरून ठेवते. बिंदू हलला तर इनपुट, फीडबॅक आणि आउटपुट सगळे त्याच्याबरोबर हलतात. हेडफोनच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज तेच राहतं. त्यामुळे बास कमी होत नाही आणि या कारणाने क्रॉसटॉकही येत नाही.

मग बिघडतं काय? बिंदू रेलच्या तुलनेत हलतो आणि जागा खातो. ३२ ओमला १ व्होल्ट पीक म्हणजे ३१ मि.ॲ., दोन्ही चॅनलचा खर्ज बहुतेक ध्वनिमुद्रणांत सारखाच असतो म्हणून ६२. गुणिले १८ ओम, १.१ व्होल्ट. तुमच्याकडे मुळात तीन-साडेतीनच आहेत, त्यातला एक गेला. बॅटरी साडेसातवर आली की तबल्याच्या डग्ग्याला फाटल्यासारखा आवाज येतो तो यामुळे. १००० चे दोन लावले तर २० हर्ट्झला ४ ओम होतात आणि हलणं पाव व्होल्टवर येतं. म्हणून कॅपॅसिटर मोठे करायचे. ४७० पासून १००० पर्यंत पुरे. त्यापुढे डबीत जागाच उरत नाही.

क्रॉसटॉक खरोखर येतो तो वायरिंगमुळे. दोन्ही चॅनलचे आर३ एका पातळ तारेने ग्राउंडला नेले आणि त्याच तारेवर पुढे हेडफोनचा स्लीव्ह जोडला, तर त्या तारेचा अडथळा दोघांत वाटला जातो. इनपुट जॅक, आर२, आर३ आणि हेडफोनचा स्लीव्ह, प्रत्येकाची वेगळी तार विभाजकाच्या मधल्या झालीवर (सोल्डरच्या सांध्यावर) आणा. आहे त्या बोर्डावर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

---

खर्जप्रेमी

समजलं. म्हणजे "बास वाढला" असं लोक म्हणतात तेव्हा क्लिपिंग कमी झालेलं असतं. इनपुटचा ०.४७ लावलेला असेल तर त्याचाही वाटा.

---

ओमचा_नियम

अडचण : ओपीए२१३४ काढून एनई५५३२ लावली. बाकी सगळं मूळ किमतींचं. हेडफोन लावला की आवाज थोड्याच पातळीला फाटतो. मापं : टिप-स्लीव्ह डीसी १७ मिलिव्होल्ट, म्हणजे ठीक. हेडफोन लावलेला असताना स्लीव्ह ते अधिक ७ व्होल्ट, स्लीव्ह ते उणे २. हेडफोन काढला की ४.६ आणि ४.४. आयसी खराब आहे का?

---

नादमय

आयसी चांगली आहे. मापं इतकी नेमकी दिलीत म्हणून कारण लगेच सापडतं.

५५३२ चं इनपुट बायपोलर आहे. तिला साधारण २०० नॅनोॲम्पिअर बायस करंट लागतो, आणि तो तुमच्या १०० के मधून येतो. २०० नॅनो × १०० के = २० मिलिव्होल्ट, इनपुटवर. गेन ११, म्हणजे आउटपुटवर २२०. ३२ ओममधून ते जवळपास ७ मि.ॲ. डीसी मागतात, दोन चॅनलचे १४. तुमचा ४.७ के चा विभाजक जीव तोडून दोन मि.ॲ. सुद्धा देऊ शकत नाही. मग मधला बिंदू उणेच्या बाजूला कलंडतो, आउटपुट तळाला टेकेपर्यंत. तिथे फक्त एक मि.ॲ.च्या आसपास करंट उरतो, दोघांत वाटला, ३२ ओमवर १७ मिलिव्होल्ट. तुमच्या मीटरने खरं सांगितलं, पण ते "ठीक" नव्हतं. म्हणूनच वरच्या यादीतलं दुसरं माप हेडफोन लावूनही घ्यायचं.

ओपीए२१३४ फेट इनपुटची आहे, बायस काही पिकोॲम्पिअर. तिला १०० के चं काहीच वाटत नाही.

५५३२ च ठेवायची असेल तर आर२ १० के करा, इनपुट कॅपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड करा आणि गेन ४ वर आणा. मग ऑफसेट (आउटपुटवरचा नको असलेला डीसी) ८ मिलिव्होल्ट. पण टेक्सासच्या डेटाशीटमध्ये तिची शिफारस ±५ व्होल्टपासून सुरू होते, एका ९ च्या बॅटरीवर तुम्ही त्याखाली आहात. दोन बॅटऱ्यांवर ती छान चालते.

४५५६ए लावणाऱ्यांनाही हीच सूचना. तिचा बायस ५० नॅनो, मूळ किमतींवर ५५ मिलिव्होल्ट येतात. आर२ बदलल्याशिवाय ती लावू नका.

---

झाल_आणि_राळ

यात एक धोका जोडतो. ग्राउंड कलंडतो म्हणून बरेच जण विभाजकाच्या जागी टीएलई२४२६ लावतात. ट्रान्झिस्टरसारखी तीन पायांची आयसी, रेलचा नेमका मध्य धरते, २० मि.ॲ. पर्यंत देते-घेते, स्वतः पाव मि.ॲ. सुद्धा खात नाही. भाग उत्तम आहे. पण वरच्या ५५३२ च्या अवस्थेत लावली तर काय होईल? ती मागितलेले १४ मि.ॲ. निमूटपणे पुरवेल, ग्राउंड मधोमध दिसेल, आवाज स्वच्छ येईल, आणि प्रत्येक कानाच्या व्हॉइस कॉइलमधून ७ मि.ॲ. डीसी सतत वाहत राहील. विभाजक निदान लक्षण तरी दाखवत होता. आधी ऑफसेट खाली आणा, मगच टीएलई.

लावताना ४.७ के चे दोन्ही रेझिस्टर काढा, कॅपॅसिटर ठेवा. पायांचा क्रम डेटाशीटवरून दोनदा तपासा. मधला पाय व्हर्च्युअल ग्राउंडचा असेल असं गृहीत धरून लावलेल्या बऱ्याच टीएलई पहिल्या सेकंदात जातात.

---

पत्र्याची_डबी

ओपीए२१३४ काढून एलएम४५६२ लावली. ऑफसेट ठीक, ग्राउंड मधोमध. पण आयसीवर बोट ठेवलं तर चांगलीच गरम, आणि पॉटला हात लावला की मागचा "श्श्श" बदलतो. करंट ३१ मि.ॲ.

---

व्हेरोबोर्ड

ऑसिलेट होते आहे, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच कंप पावते आहे. एलएम४५६२ ची बँडविड्थ ५५ मेगाहर्ट्झ, ओपीए२१३४ ची ८. जुन्या आयसीने जी मांडणी चालवून घेतली ती ही चालवून घेत नाही. तिला एकूण १० मि.ॲ. लागतात, तुमच्या बोर्डाचे बाराच यायला हवेत. वरचे एकोणीस मेगाहर्ट्झमध्ये जळताहेत, कानाला न ऐकू येता.

क्रमाने करा आणि प्रत्येक पायरीनंतर करंट बघा :

बोर्डाच्या खालच्या बाजूने, सॉकेटच्या ४ आणि ८ नंबरच्या पायांवर थेट ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक. पाय जितके आखूड तितकं बरं, पाच मिलिमीटरच्या वर नको. दोन सेंटिमीटरच्या तारेने जोडलेला कॅपॅसिटर या फ्रिक्वेन्सीला असून नसल्यासारखा. बहुतेक बोर्ड इथेच शांत होतात.

नाही झाला तर ३ आणि ५ नंबरच्या पायाला लागून सिरीजमध्ये २२० ओम ते १ के. पॉटपासून येणारी लांब तार अँटेनासारखी वागते, हा रेझिस्टर तिला तोडतो.

मग आर४ ला समांतर ४७ पिकोफॅरड. १० के सोबत तो ३४० किलोहर्ट्झला कापतो, ऐकण्याला काही होत नाही. मात्र हा उपाय युनिटी गेनला स्थिर असणाऱ्या आयसीलाच चालतो. काही वेगवान आयसी ५ गेनच्या खाली स्थिर नसतात, त्यांना हा कॅपॅसिटर उलट बिघडवतो.

शेवटी आउटपुटला ४.७ ते १० ओम सिरीजमध्ये, फीडबॅकच्या बाहेर. हेडफोनच्या केबलची शंभर-दोनशे पिकोफॅरड त्यामुळे आयसीपासून वेगळी होते. बॅलन्स्ड आर्मेचरचे इयरफोन वापरत असाल तर मात्र टाळा. त्यांचा ओम फ्रिक्वेन्सीप्रमाणे खूप बदलतो आणि १० ओमनेही आवाजाचा तोल बदलतो.

---

पत्र्याची_डबी

पायांवर थेट सिरॅमिक लावला, करंट १२.२ झाला. आयसी गार. धन्यवाद.

---

नवा_सोल्डर

बॅटरीऐवजी १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला. आवाज फोनवरून घेतला तर चालतो. पण लॅपटॉप आणि ॲम्प दोन्ही त्याच १२ व्होल्टच्या पॉवर बँकेवर लावले की ॲम्प बंद आणि टीएलई तापते.

---

झाल_आणि_राळ

लगेच काढा. पॉवर बँकेचा उणे लॅपटॉपच्या ग्राउंडला आहे, आणि लॅपटॉपचा ग्राउंड ऑडिओ केबलच्या स्लीव्हमधून तुमच्या व्हर्च्युअल ग्राउंडला आला. म्हणजे सप्लायचा उणे आणि मधला बिंदू शॉर्ट झाले. सीमॉयचा सप्लाय स्रोतापासून नेहमी पूर्ण वेगळा हवा. गाडीतला १२ व्होल्ट, त्याच लॅपटॉपच्या यूएसबीवरून घेतलेला बूस्ट कन्व्हर्टर, सगळ्यांना हेच लागू.

पत्र्याच्या डबीतही हीच चूक होते. ऑडिओ जॅकची बाहेरची कडी व्हर्च्युअल ग्राउंडला, डीसी सॉकेटची बाहेरची कडी उणेला, आणि दोन्ही एकाच पत्र्याला टेकतात. डीसी सॉकेट प्लास्टिक बॉडीचा घ्या.

वेगळा अडॅप्टर वापरायचा तर आत एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) बसवा. त्याचा स्वतःचा आर१ २४० ओम, आर२ २.७ के, आउटपुट साधारण १५.४ व्होल्ट. इनपुटला १८ तरी हवेत. ॲडजस्ट पायापासून उणेला १० मायक्रोफॅरड लावला की रिपल रोखण्याची ताकद ६५ डीबीवरून ८० पर्यंत जाते. तो लावला तर ॲडजस्टपासून आउटपुटकडे १एन४००२ डायोडही लावा, पट्टी आउटपुटच्या बाजूला.

---

बुधवार_पेठ

खरेदीबद्दल. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला रेझिस्टर, कॅपॅसिटर, गोल पिनांचे आयसी सॉकेट बिनधास्त घ्या. पॉट मागताना "लॉग" सांगा. ए१०के म्हणजे लॉग, बी१०के म्हणजे लिनियर, आणि दुकानदाराने खोक्यात हात घातला की बी च निघतो. दुकानातच मीटर लावून दोन्ही ट्रॅक नऊच्या काट्याला मोजा. एकात १ के आणि दुसऱ्यात १.४ के असेल तर ठेवून द्या, एका कानाला तीन डीबी कमी येईल.

महागड्या ऑप-ॲम्प मात्र अधिकृत वितरकाकडूनच. बाजारात ४५५८ ही स्वस्त ऑप-ॲम्प घासून तिच्यावर दुसरं नाव छापलेलं असतं. अक्षरं कितीही सुबक असोत, करंट खोटं बोलत नाही. खऱ्या ओपीए२१३४ ने बोर्ड १० मि.ॲ. घेतो, ४५५८ ने पाचच्या आसपास. शिवाय ४५५८ बायपोलर, त्यामुळे मूळ १०० के वर ऑफसेट २० मिलिव्होल्टच्या वर दिसतो. दोन्ही खुणा जुळल्या तर नक्की.

---

तारतम्य

ओटू (घरी बांधता येणारा दुसरा एक हेडफोन ॲम्प) वापरणाऱ्यांनी यातलं काय घ्यावं?

---

नादमय

फारच थोडं. २०११ मध्ये आलेल्या त्या सर्किटला खरा ±१२ व्होल्टचा सप्लाय आहे, व्हर्च्युअल ग्राउंडच नाही. आउटपुटला प्रत्येक चॅनलला ४५५६ए चे दोन भाग समांतर, प्रत्येकापुढे १ ओम. तिथे दुसरी "चांगली" आयसी टाकली तर करंट निम्म्यावर येतो.

एकच जागा हात घालण्यासारखी : गेन. त्यात पॉट गेनच्या नंतर आहे, म्हणून मोठा सिग्नल आला तर पॉट खाली असूनही पहिली आयसी क्लिप होते. फीडबॅकला १.५ के आहे, १ के सोबत २.५, २७४ ओमसोबत ६.५. २ व्होल्टचा डॅक ६.५ ला लावला तर १३ व्होल्ट आरएमएस, म्हणजे १८ पीक मागतो आणि रेल १२ ची आहे. अशांनी २७४ च्या जागी ५६० ओम लावावेत, गेन ३.७ होतो.

---

नवा_सोल्डर

शेवटचं : आर३ काढताना व्हेरोबोर्डची तांब्याची पट्टी उचलली गेली. आता?

---

व्हेरोबोर्ड

उचललेला तुकडा ब्लेडने कापून टाका, लोंबता ठेवू नका. रेझिस्टरचा पाय बोर्डाखालून वाकवून थेट सॉकेटच्या २ नंबरच्या झालीपर्यंत न्या आणि तिथे झाळा. हा पाय १ सेंटिमीटरच्या आत ठेवा, २ आणि ६ हे सर्वांत नाजूक बिंदू आहेत.

पुढच्या वेळी ओढू नका. आधी जुन्या झालीवर थोडी नवी ६३/३७ झाल आणि राळेचा फ्लक्स द्या, प्लंबरची पेस्ट कधीच नको. टोक ३३० अंशांवर, दोन-तीन सेकंद. झाल आरशासारखी चमकली की विक (झाल शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) लावा, विक चंदेरी होईपर्यंत थांबा आणि विक व इस्त्री एकदमच उचला. पाय भोकात सैल हलायला लागला की रेझिस्टर वरून आपोआप निघतो. हलत नसेल तर झाल अजून आत आहे.